मास्तरांचा निषाद

कराडात संगमापासून स्टेशनापर्यंत जेवढे म्हणून आवाज होते, तेवढे सगळे आमच्या मास्तरांनी एकदा तरी कागदावर उतरवले होते. गायनाचे शिक्षक तयार करायचा वर्ग ते चालवीत आणि त्या वर्गाची पेटी मी दुरुस्त करी. मी शिकलो दुसरीपर्यंत. पण पेटीचा सूर चुकला की बरोबर, हे मला कुणी सांगायचं काम नव्हतं. आजही नाही.

मास्तरांचा सगळा भर ऐकून लिहिण्यावर. मध्ये घोंगडी टांगायची, पलीकडं बसून पेटीवर एक ओळ वाजवायची, आणि अलीकडं बसलेल्या आष्ट्या-इस्लामपूरच्या होतकरू शिक्षकांनी ती सा रे ग म करून वहीत उतरवायची. "शाळेतलं पोरगं चुकीचं गायलं तर तुमच्या कानात काटा टोचला पायजे," असं म्हणत. त्यांच्या स्वतःच्या कानात तर बाराही महिने टोचे. लग्नाच्या पंगतीत वरमाईनं कुणाला हाक मारली, की हे पत्रावळीच्या कडेला काडीनं स्वर लिहीत बसत आणि भात निवून जाई. एका वांगीवालीला त्यांनी तीनदा परत ओरडायला लावलं. शेवटी तिनं पाटी खाली आदळली. "आवं मास्तर, वांगी घेताय का माझा गळा घेताय?" मास्तर लिहिता लिहिताच म्हणाले, "बाई, तुझा पंचम लय सच्चा हाय!" ती लाजली, पण वांगं काही खपलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्या साली ते पेटी घेऊन माझ्या दुकानात आले. "निषाद उतरलाय रं." निषाद म्हणजे सातवा सूर. मी भाता ओढून वाजवलं. सूर जागच्या जागी.

"मास्तर, पेटीला काय बी झालं न्हाई."

"मग मला झालंय व्हय?"

दर आठवड्याला हेच. मी हटणारा माणूस नव्हे, दोन महिने भांडलो. पण एक दिवस भांडता भांडता त्यांनी माझ्या ओठांकडं बघत दुसऱ्यांदा विचारलं, "काय म्हणालास?" तेव्हा मला उमगलं. मास्तरांचा कान चालला होता. हे बाहेर फुटलं असतं, तर त्या घोंगडीमागं त्यांना कोण बसू देणार? मी पेटी उघडली, त्या सुराची पितळी जीभ टोकाशी कानशीनं घासली आणि त्यांना हवा तेवढा सूर चढवला. "आता कसं! मी म्हणत नव्हतो?" म्हणत ते खूष होऊन गेले. उभ्या जन्मात मी एवढा एकच सूर जाणूनबुजून बिघडवला.

परीक्षेला सांगलीचे परीक्षक आपली पेटी घेऊन आले. अकराच्या अकरा जणांनी एकच चूक लिहिली: शुद्ध निषाद वाजला तिथं कोमल. वर्षभर चढा सूर ऐकलेल्या कानांना खरा सूर उतरलेला वाटला. परीक्षकांनी वर्गाची पेटी वाजवून बघितली, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "ही कुणी लावली?"

मी दारातच उभा होतो. तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "त्यानं माझ्या सांगण्यावरनं लावली. माझा कान गेलाय साहेब. पोरांची परीक्षा परत घ्या, आन् वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्या."

संध्याकाळी पेटी खांद्यावर घेऊन ते आले. "नीट कर," एवढंच म्हणाले. मी जीभ बुडाशी घासून सूर खाली आणला. मास्तरांनी लाकडाला कान लावला, कपाळाला आठ्या घातल्या.

"मला चुकल्यासारखा वाटतोय," म्हणाले. "म्हंजे बरोबर आसंल."

पुढं बरीच वर्षं ते दुकानात येऊन बसत. हातात कागद नसे. निषाद लावला की मी त्यांच्याकडं बघे. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, की पेटी गिऱ्हाइकाच्या हवाली करी. आता मान हलवायला कुणी नाही. सूर बरोबर असतो, मला पक्कं ठाऊक असतं. तरी पेटीची फळी बसवताना हात जरा थांबतो.