आरशातला निळा धूर

पुढच्या टेम्पोतून जळक्या ऑइलचा वास आला, की आजही माझं रस्त्यावर लक्ष राहत नाही. डोळे सारखे मागच्या आरशाकडे जातात.

बाबांनी उल्हासनगरला आमच्या जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधून घेतलं होतं. नवं इंजिन म्हणून ते गाडीला बाळंतिणीसारखं जपायचे. मी जरा ॲक्सिलरेटर दाबला की ओरडायचे, “हळू!” तरी मागून निळा धूर यायचा आणि ऑइल कमी होत जायचं. शेवटी मिस्त्री फोनवर वैतागला. “साहेब, पिस्टनच्या नव्या रिंगा घासून नीट बसायला जोर लागतो. एवढी हळू चालवली तर बसणार कशा? चढावर पळवा. धूर कमी झाला तर ठीक, नाहीतर इंजिन परत खोलावं लागेल.”

चामटोलीच्या पुढे, चढाच्या पायथ्याशी बाबा उतरले. धूर बघायला कुणीतरी मागे उभं राहायला हवं होतं.

“दाब! मागे बघू नकोस!”

मी दाबला. इंजिन किंचाळलं आणि आरशातले बाबा धुरात दिसेनासे झाले. वळून खाली आले, पुन्हा चढले, पुन्हा आले. धूर हळूहळू विरळ होत गेला. आधी पांढरा शर्ट दिसला, मग हवेत नाचणारे दोन्ही हात. तेव्हा मला गाडी वाचल्याचा आनंद झाला होता.

बाबा आता नाहीत. माझी गाडी धूर सोडत नाही. आरसा लख्ख असतो, म्हणून तर मागे कुणी उभं नाही हे लगेच दिसतं.