खापरपणजोबांची चौकशी

तमाम नातेवाईक, शेजारीपाजारी आणि महाराष्ट्र मंडळातील हितचिंतक यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मुलाकडच्यांची चौकशी केल्याशिवाय आमच्या घराण्यातून आजवर एकही मुलगी दिली गेलेली नाही. मुलाकडचे आयर्लंडचे आहेत एवढ्या कारणावरून या प्रथेत खंड पाडण्यात येणार नाही.

हे निवेदन मी अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात, हातात भातवाढी धरून, सभेला उद्देशून केलं. सभेत दोघीच होत्या. लेक म्हणाली, "बाबा, प्लीज. यू आर नॉट द पोलिस." बायको हसली नाही. ती म्हणाली, "पहिल्यांदाच बरोबर बोलताय."

चौकशी म्हणजे काय, हे अमेरिकेत वाढलेल्या मुलीला समजावणं कठीण. आमच्याकडे मुलाच्या गावी कुणीतरी काका जायचे, एसटी स्टँडवर चहा घ्यायचे, 'अमक्यांचं घर कुठे हो' एवढंच विचारायचे, आणि पुढची तीन पिढ्यांची माहिती आपोआप यायची. ट्रॉयमध्ये विचारणार कुणाला? आमच्या शेजाऱ्याला आमच्याबद्दल माहीत होतं ते एवढंच, की आमचं गॅरेज सकाळी किती वाजता उघडतं.

मुलगा मात्र गोड होता. उंच, लाल कानांचा, मोटारींच्या भागांच्या कंपनीत इंजिनिअर. साबुदाण्याची खिचडी तीनदा मागून घेतली, तेव्हा मी मनातल्या मनात अक्षता टाकून मोकळा झालो होतो. तेवढ्यात बायकोने विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

"आयर्लंड," तो म्हणाला.

"तो देश झाला. गाव?"

त्याने हसून खांदे उडवले. दुष्काळात त्याचे खापरपणजोबा बोटीत बसून आले, एवढंच त्याला ठाऊक होतं.

तो गेल्यावर बायको भांडी डिशवॉशरमध्ये आपटत म्हणाली, "गावाचं नाव सांगत नाहीत म्हणजे तोंड लपवून पळालेत. दुष्काळ आपल्याकडेही पडले. गावाचं नाव कुणी विसरलं नाही."

महिनाअखेरीस लग्नाच्या हॉलचं बुकिंग पक्कं करायचं होतं. बायकोने जाहीर केलं, समाधान झाल्याशिवाय फोन करायचा नाही. लेकीने जाहीर केलं, हॉल गेला तर ते दोघं कोर्टात लग्न करतील आणि आम्हाला फोटो ईमेल करतील. ती हे फार शांतपणे म्हणाली. मी ते खरंच मानलं, कारण शांतपणा तिने आईकडून घेतला आहे.

मुलानेच मार्ग काढला. त्याची एक आत्या होती. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, आणि पूर्वज शोधण्याचा नाद लागलेली. तिच्या गाडीच्या डिकीत गुडघ्याखाली घ्यायची उशी, मऊ ब्रश, पाणी फवारायची बाटली आणि चक्क एक आरसा असे. झिजलेल्या थडग्यावर आरशाने तिरका उजेड पाडला की पुसट अक्षरं वाचता येतात म्हणे. आम्ही दोघं तिच्या घरी गेलो, आणि मी तर पाहताक्षणी आत्याबाईंच्या प्रेमात पडलो. बायको त्या आरशाकडेही संशयाने बघत होती.

आत्याबाईंनी चहा दिला आणि हकिगत सांगितली. खापरपणजोबांनी इथून तासाभरावर शेत घेतलं. त्यांची बायको चर्चच्या दफनभूमीत आहे, भोवती मुलं आहेत. "पण तिच्या शेजारची जागा," आत्याबाईंनी आवाज खाली आणला, "रिकामी आहे. तो माणूस सापडतच नाही."

टेबलाखालून बायकोची लाथ माझ्या नडगीवर बसली.

परतताना गाडीत आमचं न्यायालय भरलं. "दुसरं घर केलं असणार," बायको म्हणाली.

"किंवा फाशी!" मी स्टिअरिंग सोडून गळ्याभोवती हात फिरवला.

"समोर बघा. आणि असल्या घरात मुलगी द्यायची?"

पुढच्या शुक्रवारी रजा टाकून आम्ही दोघं आत्याबाईंबरोबर निघालो. आधी चर्च. तिथल्या बाईंनी जाड वह्या काढून दिल्या. खापरपणजोबांच्या नातवंडांचे बाप्तिस्मे सापडले, त्यांच्या बायकोचं दफन सापडलं, त्यांचं स्वतःचं नाही. "चर्चने नाकारला असेल," बायको मराठीत पुटपुटली. आत्याबाईंनी विचारलं, काय म्हणताहेत? मी म्हटलं, चर्चच्या खिडक्या सुंदर आहेत म्हणते.

मग काउंटीची कचेरी. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. आमच्यासारख्या तोंडवळ्याच्या माणसाने सरकारी खिडकीवर जाऊन जमिनीचे जुने नकाशे मागावेत, हे खिडकीतल्या गृहस्थांना मुळीच रुचलं नाही. त्यांनी माझं लायसन्स दोन्ही बाजूंनी वाचलं.

"कशासाठी हवेत?"

"एक माणूस शोधतोय."

"कोण?"

"तो मेलाय," मी खुलासा केला. खुलाशाने फारसा फायदा झाला नाही. आत्याबाई पुढे झाल्या, शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "हे माझ्याबरोबर आहेत," तेव्हा कुठे नकाशे आले.

आता माझ्या बायकोचं माहेर सांगायला हवं. ती नगर जिल्ह्यातली. तिच्या वडिलांचं आणि चुलत्यांचं बांधावरून इतकी वर्षं कोर्टात चाललं होतं की पोरं सात-बारा वाचत वाचतच अक्षर ओळखायला शिकली. तिने पहिलं खरेदीखत वाचलं आणि कपाळाला आठी घातली. "यात चतुःसीमा कुठेय? पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, काहीच नाही. नुसते आकडे. असला कागद आमच्याकडे तलाठ्याने तोंडावर फेकला असता."

आत्याबाई म्हणाल्या, इथे अशीच पद्धत आहे. बायकोचा विश्वास बसला नाही. तिने खापरपणजोबांनी घेतल्याचं खत एका बाजूला ठेवलं आणि त्यांच्या मुलाने पुढे शेत विकल्याचं दुसऱ्या बाजूला. बोट ठेवून एकेक ओळ ताडून बघू लागली. मी जांभई देत होतो. एकाएकी तिचं बोट थांबलं.

"अहो, कोपरा गेला."

"कसला कोपरा?"

"घेतलं तेव्हा शेत पूर्ण चौकोनी. विकलं तेव्हा ईशान्येचा तुकडा वगळलाय. शेजाऱ्याने बांध कोरला! मला वाटलंच होतं."

मी हे आत्याबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी दोन्ही खतं पुन्हा वाचली. इतकी वर्षं त्या फक्त माणसांची नावं वाचत आल्या होत्या. जमिनीची मापं वाचावीत असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. कारण माझी बायको सोडून जगात कुणालाच शेजाऱ्याचा इतका संशय येत नाही. त्यांनी जुना नकाशा ओढला. त्या कोपऱ्यात एक बारीकसा क्रूस होता. मी तो मघाशी शाईचा डाग समजलो होतो.

तासाभरात आम्ही मक्याच्या शेताच्या कडेच्या झाडीत उभे होतो. गंजलेलं कुंपण, गुडघाभर गवत, आडवेतिडवे काही दगड. आत्याबाई उशी टाकून बसल्या. मी आरसा धरला. बायकोने ब्रश घेतला आणि तुळशीवृंदावन घासावं तसा दगड घासला. शेवाळाखालून नाव आलं, साल आलं, आणि त्याखाली, ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते: आयर्लंडमधल्या परगण्याचं नाव, आणि त्यातलं गाव.

"गाव!" बायको ओरडली. "लिहिलंय बघा! स्वतःच्या दगडावर लिहून ठेवलंय बिचाऱ्याने!"

सालावरून आत्याबाईंनी उलगडा केला. ते गेले तेव्हा चर्च बांधलेलंच नव्हतं. त्यांनीच आपल्या शेताचा कोपरा आसपासच्या लोकांना पुरण्यासाठी सोडला होता. त्यांची बायको मागाहून खूप वर्षांनी गेली, तोवर चर्चची दफनभूमी झाली होती. ना दुसरं घर, ना फाशी. मी थोडा खट्टूच झालो.

बायकोने चपला काढल्या, दगडाला नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हॉलवाल्याला फोन करा."

मी तिथेच, मक्यात उभा राहून, मोबाइलला सिग्नल शोधू लागलो. आत्याबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि अगदी आनंदाने माझ्याकडे वळल्या. लग्न होणार तर आता त्यांच्या वंशवृक्षाला आमची फांदी जोडायची होती. "तुमचे पणजोबा कुठे पुरलेत?"

"पुरलेले नाहीत," मी म्हणालो.

"पणजी?"

"त्याही नाहीत."

"आजोबा? एखादा दगड? नाव कोरलेलं काही?"

मी समजावून सांगितलं: आमच्यात दहन करतात, रक्षा नदीत सोडतात, देवळात जन्ममृत्यूच्या नोंदी नसतात. मी बोलत गेलो तसतसं आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलं. त्यांनी आरसा माझ्या हातातून काढून घेतला. बायको माझ्या कानाशी कुजबुजली, "अहो, फोन थांबवा. ही आपली चौकशी करतेय."

आत्याबाईंनी आम्हा दोघांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जाळलं? सगळ्यांना? तुम्ही लोक लपवताय तरी काय?"