आईनं माझं पान वाढलं, तेव्हा मी जॉर्जियात होते

मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली बाई. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या लेकराला दृष्ट लागली की 'मीठमोहऱ्या राहू द्या, आधी ताप बघा' म्हणणारी. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर संभाजीनगरला, सिडकोत. घरात आई आणि दादा. माझं काम ऑनलाइन, लॅपटॉप असला की झालं, म्हणून मी देशोदेशी फिरत होते. घराबाहेरची ती दुसरी दिवाळी. तेव्हा मुक्काम जॉर्जियातल्या कुतैसी नावाच्या गावात, एका बाईंच्या घरी वरच्या खोलीत.

पाडव्याचा दिवस. मालकीणबाई लेकीकडे गेलेल्या, अख्ख्या घरात मी एकटी. बाहेर सगळ्यांचा कामाचा दिवस — कुणाला काय पडलंय आपल्या दिवाळीचं! सकाळीच अंघोळ केली, नवा ड्रेस घातला... आणि मग कळेना, पुढं काय? खिडकीशी जा, परत ये. मेणबत्ती लाव, विझव. घरी फोन करायचा होता, पण मन धजत नव्हतं. कारण सांगायचं होतं की मी एवढ्यात येत नाहीये, इथून पुढं तुर्कस्तानला जाणार आहे. आई 'ये' असं कधीच म्हणत नाही, नुसती गप्प होते. तेच मला सहन होत नाही.

दुपारी भूक लागली म्हणून अंडी उकडत ठेवली आणि तेवढ्यात तोंडात चव आली. आठवण नव्हे, चव! पुरणपोळीची... आणि तीही खाली लागलेल्या पुरणाची, कडवट, करपट. मागोमाग येळवणीची, पुरणाच्या कटाची आमटी, तिखटजाळ. मी चुळा भरल्या, दात घासले, जाईना. पोट तर असं भरत गेलं की सलवारीची नाडी सैल करावी लागली. ॲसिडिटी असेल, घरची आठवण असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि दादाला फोन लावला.

"तू ठीक आहेस ना?" त्यानं आधी हेच विचारलं. आवाज दबका. बाल्कनीत येऊन बोलत होता.

घरी झालं होतं ते असं. सकाळपासून आईचं लक्ष नव्हतं, त्यात पुरण खाली लागलं. देवगाव रंगारीहून आमची मोठी काकू सणाला आली होती. जेवायला बसताना आईनं माझाही पाट मांडला, त्यापुढं ताट ठेवून सगळं वाढलं, वर तूप सोडलं. काकूनं कपाळाला हात लावला.

"अगं शोभा, काय करायलीस? रिकाम्या पाटाम्होरं पान गेलेल्या मानसाचं वाढत्यात!"

"माझी लेक हाय ती. सणाला तिचं पान नको?"

"जित्या मानसाचं नाय वाढत, बाई. उचल ते."

आईनं उचललं नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर, पोरीचं वाया कशाला घालवायचं म्हणून स्वतःच खायला घेतलं. पहिल्याच घासाला थांबली.

"मी पण खाऊन बघितलं," दादा म्हणाला. "आमच्या पानातलं पुरण करपलेलं, आमटी तिखटजाळ. तुझ्या पानात कशालाच चव नाही गं. मीठ नाही, गोड नाही, करपट वाससुद्धा नाही. एकाच पातेल्यातलं होतं!"

पितरांच्या पानाला मागाहून चव राहत नाही, असं आमच्याकडं मानतात. काकू गुपचूप देवापुढं जाऊन बसली होती म्हणे. मी काही बोलणार, तोच आईनं फोन घेतला.

"काय जेवलीस आज?"

खरं सांगावं, तर पान माझ्यापर्यंत पोचलं म्हणायचं... गेलेल्यांना पोचतं तसं?

"अंडी," मी म्हणाले.

"चव लागली का?"

"लागली गं."

ती गप्प झाली. तुर्कस्तानचं मी काढलंच नाही. त्याच आठवड्यात परतीचं तिकीट काढलं.

दारातच आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्या दिवशी पुरण घातलं, मला वाढलं आणि समोर बसली.

"लागती का चव?"

"लागते."

"मंग तवा कोन जेवलं गं?"

मला खोटं बोलवेना. "मीच, आई. पुरण करपलं होतं."

तिनं माझं मनगट धरलं. अंग ऊन आहे का, हे बघावं तसं बराच वेळ धरून ठेवलं. मग दुसरी पोळी वाढली.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. शिकलेलं सगळं लावून बघितलं. माझ्या तोंडाला आलेल्या चवीचं एक वेळ समजू शकते, पण ताटातली चव कुठं गेली? काकूला विचारायची माझी हिंमत नाही.

आईनं त्यानंतर माझं पान माझ्यामागं कधी वाढलं नाही. पण आता मी दिवसभरासाठी दौलताबादला गेले, तरी परत येईपर्यंत ती स्वतःही जेवत नाही. मला जायचंय हो... अजून खूप लांब जायचंय. आणि ती उपाशी बसून राहते.