काटेवाल्याची खाकी पँट

माझ्या दादाने आयुष्यात एकाही काट्यावर विश्वास ठेवला नाही. वजनकाटे दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा, त्यामुळे याला खोड म्हणावं की हुशारी, हे आमच्या घरात अजून ठरायचं आहे. किराणा दुकानातला काटा असो, दवाखान्यात बाळं तोलतात तो असो, की सामानाने भरलेला ट्रक उभा करायचा अवजड काटा असो, दादा आधी डोळे बारीक करून त्याच्याकडे बघतो, मग वाकून त्याचे पाय बघतो आणि मग विचारतो, "ह्याला शेवटचा हात कुणी लावला?" कुणी बाजारातून येऊन दोन किलो कांदे आणले म्हणालं, तर दादाचा प्रश्न तयार असतो. "कुणाचे दोन किलो?"

एवढं असून त्याच्या घरात काटा नाही. स्वतःचं माप तो एकाच गोष्टीवर घ्यायचा, कामाच्या खाकी पँटवर. तशा दोन पँटी होत्या, एकाच कापडाच्या, एकाच शिंप्याने शिवलेल्या. "काटा खोटं बोलेल, पँट बोलत नाही," तो म्हणायचा. "बटण लागलं तर लागलं, नाही तर नाही. मध्ये कुणाचा हात नाही."

सिगारेट सुटली ती पायांमुळे. चालताना पोटऱ्या भरून यायला लागल्या, दर वळणावर थांबावं लागे. डॉक्टरीणबाईंनी पाय तपासले आणि सरळ सांगितलं, "सिगारेट ठेवा नाही तर पाय ठेवा." दादाने पाय ठेवले. पुढचंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. भूक खवळेल, तोंड चाळवेल, वजन चढेल. चाला, पाणी प्या, अरबटचरबट कमी करा, सावकाश उतरेल. "थोडं वाढलं तर घाबरून परत ओढायला लागू नका. वजनाचं बघता येतं. पायाच्या शिरा बुजल्या तर मग मला काही बघता येणार नाही."

पण दादा कुठलीही गोष्ट अटीशिवाय करत नाही. घरी येऊन त्याने वहिनीसमोर आणि माझ्यासमोर जाहीर केलं, "सोडली. पण ज्या दिवशी पँटचं बटण लागायचं नाही, त्या दिवशी परत सुरू. ढोल होऊन जगण्यात मला रस नाही." आणि एक न फोडलेलं पाकीट त्याने कपाटाच्या माथ्यावर, आपल्या खुणेच्या पेन्सिलींच्या डब्याशेजारी ठेवून दिलं. वहिनी हसली. मग तिने पाकिटाकडे बघितलं आणि हसू तिथंच राहिलं.

सिगारेटच्या जागी खिशात शेंगदाणे आले, शेंगदाण्यांच्या सोबतीला बिस्किटं आली. हात खिशात गेला की काहीतरी घेऊनच वर यायचा. रोज संध्याकाळी वहिनी दारातच त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी घ्यायची आणि घेता घेता शर्टाचा वास.

"ही काय नाकाबंदी?"

"ज्याला लपवायचं नाही त्याने घाबरायचं नाही."

"वास आला का?"

"बिस्किटांचा आला. व्हॅनिला."

चेहरा भरला. मान खांद्यात गेली. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. शर्टाची बटणं अशी ताणली, की समोर बसणाऱ्याने जपून बसावं. पण खाकी पँट मात्र पहिल्यासारखी बसत होती. आणि इथंच सगळ्या गोंधळाला सुरुवात झाली.

काटा दुरुस्त झाला की त्यावर स्वतः उभं राहून बघायची दादाची पद्धत. धान्याच्या गोदामात तो असा उभा राहिला आणि काट्याने भलताच आकडा दाखवला. दादा उतरला, काटा पुन्हा खोलला. गोदामवाला म्हणाला, "अहो, आत्ताच तर बरोबर म्हणालात."

"तेव्हा मी वर उभा नव्हतो."

"मग वर उभं राहिल्याने बिघडला होय?"

असंच दुसऱ्या दुकानात, तिसऱ्या दुकानात. काटे जास्त दाखवतात, पँट म्हणते काही वाढलं नाही. दोघांतलं एक खोटं. आता दादाने कुणावर संशय घ्यावा? पँटवर तर नाहीच. त्याच्याकडे लोखंडी प्रमाण वजनं आहेत, शिक्का मारलेली. ती ठेवूनच तो प्रत्येक काटा लावतो, म्हणजे त्याचा आकडा जुळवतो. ती वजनं हलकी झाली, तर त्यांच्यावर लावलेला प्रत्येक काटा जास्त बोलणार. आणि वजनांना हात लावणारा दुसरा माणूस एकच, ओळंबा.

ओळंबा म्हणजे दादाचा जोडीदार. उंच, सडसडीत, वाऱ्याने हलेल असा, म्हणून हे नाव. दोघांनी उमेदवारी एकाच उस्तादाकडे केली. ओळंबा अजून ओढतो आणि वाळक्या काडीसारखा राहतो, हेही दादाला आताशा खुपायला लागलं होतं. मी त्यांच्याकडे बसले असताना दादा वजनं उलटीपालटी करून भिंगातून बघत होता.

"कुणीतरी खालून घासलीत," तो म्हणाला.

"कुणीतरी म्हणजे?"

"कानस त्याच्याच पेटीत असते."

"दादा, तो तुझ्या लग्नात वाढायला उभा होता."

"चोर काय परक्या गावाहून येतो?"

त्याने ओळंब्याला तोंडावर विचारलंच. ओळंब्याने पेटी उघडून कानस काढली, दादाच्या हातात ठेवली आणि त्यानंतर कामापुरतं बोलायला लागला. दादाला यातही पाणी मुरताना दिसलं. बोलला असता तरी दिसलं असतंच म्हणा.

इकडे वहिनीचा संशय वेगळ्याच दिशेने धावत होता. एका दुपारी ती माझ्याकडे आली. "वन्सं, ह्यांचं काहीतरी चाललंय. दुपारचं जेवण झालं की जड पिशवी घेऊन बाहेर. कुठं विचारलं तर म्हणतात, तुला नाही कळायचं. येतात ते घामाघूम. कुठंतरी आडोशाला उभं राहून ओढत असतील."

"वास येतो का?"

"नाही. तेच तर. पक्के झालेत."

पिशवीत ती वजनं होती. सरकारी माप कार्यालयात तपासायला दादा ती थोडी थोडी करून खांद्यावरून वाहून नेत होता, हे मला ठाऊक होतं, मी सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं. विश्वास ठेवल्यासारखं मात्र दिसलं नाही. जाताना म्हणाली, "तुमची ती टोकदार कात्री द्याल जरा?"

ही कात्री ती सारखी नेत होती. नेमकी दादा कामावर असतानाच. आणि परत यायची तेव्हा पात्यांच्या सांध्यात खाकी धाग्याचा तुकडा अडकलेला असायचा. मी विचारलं नव्हतं. विचारलं की माणूस खोटं बोलतो, गप्प बसलं की आपण होऊन सांगतो. तेव्हाही मी फक्त कात्री दिली आणि धागा काढून टेबलावर ठेवला. वहिनी त्या धाग्याकडे बघत खाली बसली.

"मागची शिवण उसवते," ती म्हणाली. "शिंपी आत जादा कापड सोडतो ना, त्यातलं बोटभर सोडायचं आणि परत टीप घालायची. आज ही पँट, उद्या ती. इस्त्री केली की काही कळत नाही."

"आणि दादाला?"

"त्यांना बटण लागतंय एवढंच दिसतं. वन्सं, बटण लागलं नाही तर ते पाकीट फोडतील. ह्यांचा शब्द म्हणजे शब्द, तुम्हाला माहीत आहे. मला जाड नवरा चालेल. लंगडा नको, गेलेला तर नकोच."

जगातल्या प्रत्येक काट्यात हात घालून बघणारा माणूस, आणि त्याच्या कमरेचं माप घरातच सरकत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"मग आज का रडवेली झालीस?"

"आता कापडच उरलं नाही. शेवटची टीप अगदी काठावर आहे."

वजनं कार्यालयातून बरोबर ठरून आली. दादा त्यावर एवढंच म्हणाला, "त्यांचं यंत्र कोण लावतं, ते बघायला पाहिजे." ओळंब्याची कानस अजून दादाकडेच होती.

त्याच आठवड्यात मालधक्क्यावरच्या ट्रकच्या काट्याचं काम निघालं. या काट्याखाली खड्डा असतो. आत उतरायला वरून एक लोखंडी चौकट असते, माणूस कसाबसा मावेल एवढी. दादा तिच्यातून आजवर हात वर करून सुळकन जायचा. त्या दिवशी पाय गेले, मांड्या गेल्या आणि कंबर अडकली. वरही येईना, खालीही जाईना. मागे ट्रकची रांग, ड्रायव्हर खाली उतरून बघतायत. एकाने विचारलं, "ह्यांचं वजन धरून तोलणार का आमचा माल?"

ओळंब्याने दोन्ही हात धरून ओढलं आणि ओढता ओढता इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठं वाक्य बोलला. "काटेराव, ही चौकटसुद्धा मीच घासून लहान केली का?"

लोखंडी चौकट घासून मोठी होते, लहान होत नाही. एवढं दादाला कळत होतं. तो वर आला तेव्हा पँटची मागची शिवण टर्रकन फाटली होती. ओळंब्याने स्वतःचा शर्ट काढून त्याच्या कमरेला बांधला आणि गंजीफ्राकावर त्याला घरी आणून सोडलं.

मी तेव्हा वहिनीकडेच होते. दादा आतल्या खोलीत गेला, लुंगी गुंडाळून, फाटकी पँट हातात घेऊन बाहेर आला. भिंग त्याने डोळ्याला लावलं होतं. खिडकीशी उजेडात पँट उलटी धरून तो बराच वेळ बघत राहिला. उसवलेल्या टाक्यांच्या जागी सुईची भोकं राहतात. ती धुऊन जात नाहीत, इस्त्रीनेही बुजत नाहीत. भोकांची एक रांग, तिच्या बाहेर दुसरी, तिच्या बाहेर तिसरी. दुसरी पँट त्याने दोरीवरून काढली. तिच्यावरही तसंच.

वहिनी ओट्याजवळ भांडं पुसत उभी होती. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

"ह्याला शेवटचा हात कुणी लावला?" दादाने विचारलं.

"मी," वहिनी म्हणाली. "आणि पहिलाही मीच."

दाराशी ओळंबा उभा होता. त्याने एकदा पँटकडे, एकदा वहिनीकडे बघितलं आणि तोंडावर हात धरला.

दादाने स्टूल ओढलं, कपाटाशी लावलं आणि चढला. कपाटाच्या माथ्यावर काय होतं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. वहिनीने पुढे यायचं मनात आणलं असावं, पण ती हलली नाही. दादा खाली उतरला तेव्हा एका हातात पाकीट होतं, दुसऱ्यात पेन्सिलींचा डबा.

"अट काय होती?" त्याने वहिनीला विचारलं.

"बटण लागलं नाही तर परत सुरू."

"आणि खोट्या काट्यावरचं वजन कुणी धरतं का?"

ओळंबाच दारातून म्हणाला, "नाही धरत. काटा आधी लावून घ्यायचा, मग पहिल्यापासून तोलायचं."

"झालं तर मग. सगळं रद्द. ती अटही रद्द, माप पहिल्यापासून." त्याने पाकीट वहिनीच्या हातात दिलं. "हे तू ठेव. लपवायला तुला चांगलं जमतं." मग डब्यातली पेन्सिल काढून त्याने दुसऱ्या पँटवर भोकांच्या अगदी आतल्या रांगेवरून सरळ रेघ मारली. "इथं शीव."

"बसायची नाही तुम्हाला."

"बसायची नाहीच. पण माप तरी खरं राहील. तोवर बाजारातून एखादी ढगळ आण, नाडीची, जिच्यावर कुणी अट घालणार नाही."

"आणि खिशात शेंगदाणे?"

"नाडीच्या पँटला खिसा नको."

कानस त्याने ओळंब्याला परत केली. माफी वगैरे शब्द काढला नाही, तो काढणाऱ्यांतला नाही. एवढंच म्हणाला, "उद्यापासून मालधक्क्यावर चालत जायचं. तू पण." ओळंबा म्हणाला, "मी कशाला? मी मावतो चौकटीत." पण गेला. अजूनही जातो. सुरुवातीला दादा मध्येच थांबायचा, ओळंबा पुढे जाऊन सिगारेट पेटवून वाट बघायचा. हल्ली दादा थांबत नाही, त्यामुळे ओळंब्याला पेटवायला सवड मिळत नाही आणि त्याची कुरकुर वाढली आहे.

खाकी पँट दाराच्या आतल्या खुंटीला टांगलेली असते. मधूनमधून दादा ती चढवून बघतो. बटण आणि काज यांच्यात अजून अंतर आहे, आधी होतं त्यापेक्षा कमी. पण चढवायच्या आधी तो ती उलटी करतो, डोळ्याला भिंग लावतो आणि मागच्या शिवणीवरून सावकाश नजर फिरवतो. वहिनी तेवढ्यात खिडकीत टांगलेला त्याचा कालचा शर्ट हातात घेते, धुवायला टाकायचं निमित्त करून, आणि नाकाशी नेते.

"सापडलं काही?" दादा पाठमोराच विचारतो.

"नाही. तुम्हाला?"

"अजून तरी नाही."