पट्टीखालचं चक्र

मी जऊळक्याची. कॉलेजच्या कबड्डी संघात पहिल्यांदा नाव लागलं, त्या आनंदात मी वाशिमच्या बाजारात जाऊन उजव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटं सोडून, निळं धम्मचक्र काढून घेतलं. आठ आऱ्यांचं, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं. एवढ्याशा चक्रानं माझ्या जिवाला जो ताप दिला, तो आठवला की आजही माझं टाळकं सरकतं.

सुरुवात घरातूनच झाली. आमच्याकडे धम्म घेतल्यावर गोंदण्याची जुनी रीत सोडून दिली होती आणि त्याचा आईला फार अभिमान. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, की आपल्या माणसांनी जे अंगावरून उतरवलं ते तू पदरचे पैसे देऊन चढवून आलीस. मी म्हटलं, अगं, हे तर आपलंच चक्र आहे. त्यावर म्हणे, मग डोक्यात ठेव, कातडीवर कायले पाहिजे? भाकरी मात्र तिनं मला वाढली नाही, मी हातानं घेतली.

मग गाडीतल्या बाया. जऊळक्याहून वाशिमला कॉलेजात जाताना रोज कोणी ना कोणी माझा हात बाजारातल्या भाजीसारखा उलटापालटा करून बघायचं. एका बाईचे स्वतःचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या गोंदणानं भरलेले, आणि ती मला सांगते की पोरीच्या जातीनं असं काही काढू नये, लग्नात अडचण येते! मी म्हटलं, मावशी, तुमचं झालं ना लग्न? ती तोंड फिरवून बसली. दुसरी म्हणाली, खेळाडू आहेस ना, मग भरतीत पहिल्याच दिवशी बाहेर काढतील. हे मात्र मला लागलं. कारण माझं सगळं गणित त्याच्यावरच होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की खेळाडूचं प्रमाणपत्र, ते असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज. मी त्याच रात्री नियम शोधून वाचले, चार जणांना विचारलं. एवढ्याशा चक्राचं काही अडत नाही असंच सगळे म्हणाले. पण तोवर गाडीतल्या निम्म्या डब्यानं मला नापास करून टाकलं होतं.

आमचे क्रीडाशिक्षक शिकवायला चांगले होते, खोटं कशाला बोलू. पायाचा स्पर्श कसा करायचा ते मला त्यांनीच शिकवलं. पण चक्र दिसलं आणि त्यांचा चेहरा उतरला. खेळाडूच्या अंगावर असलं काही शोभत नाही, लोक नावं ठेवतात, म्हणाले. शेजारच्याच मैदानावर मुलांचा संघ खेळत होता. एकाच्या दंडावर त्रिशूळ, एकाच्या मानेवर वाघाचा पंजा. त्या पोट्ट्यांचे फोटो सरांनी स्वतः काढून सूचना फलकावर लावले होते. मी तिकडं नुसतं बोट दाखवलं. सर म्हणाले, "त्यायचं वेगळं हाये." काय वेगळं, ते मीही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

आंतरमहाविद्यालयीन सामने आमच्याच मैदानावर होते आणि तिथंच विद्यापीठाचा संघ निवडायला समिती बसणार होती. सकाळी सरांनी क्रेप पट्टी आणली. म्हणाले, बांधून घे, समितीच्या नजरेत उगाच काही यायला नको, तुझ्याच भल्याचं सांगतो. मला राग आला होता. तरी मी हात पुढं केला, कारण निवड पाहिजे होती. सरांनी स्वतःच्या हातानं पट्टी बांधली, चांगली घट्ट.

आता कबड्डीत पट्टी दिसली की समोरचा संघ काय करतो? दुखरा अवयव सापडला म्हणून तिथंच तुटून पडतो. पहिल्याच चढाईत त्यांच्या दोघीजणी माझ्या उजव्या हातावर पडल्या. दुसरीतही तेच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मुद्दाम तोच हात पुढं करायला लागले. त्या धरायच्या, आणि मी त्यांना तशाच ओढत मध्यरेषेपर्यंत न्यायची. हात धडधाकट होता ना! एका चढाईत तिघींना आणलं. आम्ही जिंकलो आणि निम्म्याच्या वर गुण माझे होते. त्या दिवशी मला वाटलं, जाऊ दे, पट्टी तर पट्टी.

संध्याकाळी यादी वाचली. बारा नावं. माझं नाव नाही.

मी सरळ समितीच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. त्यातले वयस्कर गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, की खेळ तुझा उत्तम, पण जखमी खेळाडूला पुढच्या स्पर्धेला कसं न्यायचं? आम्ही तुमच्या सरांना विचारून घेतलं, ते म्हणाले, हो, हाताला जुनी दुखापत आहे.

मी मागं वळून पाहिलं. सर पाण्याच्या टाकीजवळ उभे होते, सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर. पट्टी का बांधली ते सांगावं लागलं असतं, त्यापेक्षा त्यांनी माझा हात मोडून दाखवला.

मी तिथंच पट्टी सोडायला लागले. सोडून खाली टाकली आणि हात टेबलावर ठेवला. पिळून बघा, वाकवून बघा, म्हटलं. कोणी हात लावला नाही. सगळे चक्राकडे बघत होते. मग त्या गृहस्थांनी यादीची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "असं आहे होय."

सर तेवढ्यात जवळ आले. मातीत पडलेली पट्टी उचलून त्यांनी झटकली.

"सर," मी म्हटलं, "सांगा ना यायले, कुठं दुखते मले?"

खाली मान घालून सर पट्टी नीट गुंडाळत राहिले.