कपाटाचा डावा घोटा

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जो कपाट राहतो, त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त त्याच्या बायकोला आणि मतदारयादीला माहीत असावं. बाकी सगळ्यांसाठी तो कपाट. खांदे चौकोनी, मान नावापुरती, आणि अरुंद दारातून आत येताना जरा तिरका होऊन येण्याची सवय. धंदाही तोच, लोकांचं घरसामान हलवण्याचा. म्हणजे नाव शोभून दिसेल असाच.

त्याचा जोडीदार त्याच्याच बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने काडी, पण गळा असा की हा तळमजल्यावर शिंकला तर गच्चीवरची कबुतरं उडायची. त्याला सगळे भोंगा म्हणत. कपाट आणि भोंगा अशी ही जोडी सोळा वर्षं जिन्यांवर होती. त्यांच्या ट्रकचा मुकादम तोंडाचा फार कडू माणूस, पण तोही म्हणायचा, "या दोघांकडे काचेची बाहुली द्या, झोपलेली असेल तर झोपलेलीच खाली आणतील."

पुढचं समजायला या लोकांची पद्धत सांगायला हवी. जड वस्तू जिन्यावरून उतरवताना एक माणूस वर आणि एक खाली. खालचा उलटा चालतो. वजन त्याच्या छातीवर, डोळ्यांसमोर नुसतं लाकूड, आणि मागची पायरी त्याला दिसत नाही. वरचा बाजूने वाकून बघतो आणि मोजतो. एक, दोन, तीन, असं करत मजला आला की "सपाट". खालच्याने त्या आवाजावर पाय टाकायचा. आणि या धंद्याचा एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला कोणी पाहिला नाही. खालचा पडला तर चूक वरच्याची. मोजणाऱ्याने चुकीचं मोजलं, विषय संपला.

खाली नेहमी कपाट. वजन पेलायला तोच. वर भोंगा, मोजायला.

आता कपाटाच्या घोट्याचं. तेविसाव्या वर्षी तो ट्रकवरून उडी मारताना विटेच्या तुकड्यावर पडला आणि डावा पाय मुरगळला. तीन दिवस शेकला, चौथ्या दिवशी सूज उतरली, पाचव्या दिवशी हा कामावर. दोन वर्षांनी पुन्हा तोच पाय. मग वर्षाने. मग सहा महिन्यांनी. पुढे पुढे तर पायाला कारणही लागेना. सपाट फरशीवर, हातात काही नसताना, घोटा आपला आत वळायचा आणि कपाट भिंत धरायचा. "बुटात खडा गेला," असं म्हणायचा. इतके खडे त्याच्या बुटात गेले की एखाद्याने त्यावर घर बांधलं असतं.

"अहो, हा पाय आहे की भोपळा?" बायको विचारायची.

"उद्यापर्यंत उतरेल."

"उतरतो, पुन्हा चढतो. जिनाच झालाय तुमच्या पायाचा."

तो उंच बूट घ्यायचा, नाड्या इतक्या आवळायचा की बोटं पांढरी पडावीत, आणि कोणाला ताकास तूर लागू द्यायचा नाही. कारण साधं होतं. ज्याचा पाय लंगडा, त्याला मुकादम खोक्यांवर टाकायचा. पुस्तकांची खोकी, भांड्यांची खोकी, उशांची खोकी. नवीन पोरं आणि म्हातारे खोकी उचलतात. कपाट खोकी उचलणार म्हणजे सुताराने दात कोरायच्या काड्या विकाव्यात, असं त्याला वाटे. माणूस एवढा मोठा, पण अभिमान घोट्यात.

मग ते आरशाचं कपाट आलं. एका निवृत्त शिक्षिकेचं, चौथ्या मजल्यावरचं, तीन दारांचं, मधल्या दाराला उभा आरसा. दिवस कोरडा, जिना रुंद, उजेड भरपूर. मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोकांनी पाऊस, तेल, केळ्याचं साल, जे सुचेल ते त्या जिन्यावर टाकलं. तिथे काही नव्हतं. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये कपाट खाली गेला, त्याच्यावर ते धूड, आणि त्याच्यावर, खांद्यावरचा वजन धरायचा पट्टा सुटून आलेला भोंगा. आरशाचे तुकडे रस्त्यापर्यंत.

लोक धावले. कपाटाच्या दोन बरगड्या दुखावल्या होत्या आणि भुवईतून रक्त येत होतं. सगळे रक्ताकडे बघत होते, बुटाकडे कोण बघणार? शिक्षिकाबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या. मुकादम वर आला आणि त्याने एकच विचारलं, "काय झालं?"

कपाट तोंड उघडणार, एवढ्यात भोंगा म्हणाला, "माझंच चुकलं. मी पायरी चुकवली बहुतेक."

कपाटाने उघडलेलं तोंड मिटलं. एवढंच. खोटं तो एक शब्दही बोलला नाही. दुसऱ्याचं खोटं नुसतं उचललं आणि खांद्यावर ठेवून घरी आला. वजन उचलायची सवयच होती म्हणा.

गल्लीत चार दिवस मजा झाली. कपाटाखाली कपाट, असं पोरं ओरडायची, आणि मीही एकदोनदा बोललो, नाही कशाला म्हणू. पण भोंग्याचं काय होतंय ते कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याने मोजायचं सोडलं. मुकादमाने त्याला दुसऱ्या जोडीत वर उभं केलं, तर हा चौथ्या पायरीवर थांबला आणि म्हणाला, "आता चार झाली की पाच?" खालचा माणूस छातीवर फ्रिज घेऊन उभा. त्या दिवसापासून भोंगा खोक्यांवर गेला. बोलायचा, पण हळू. शेजारच्या घरातही ऐकू येणार नाही इतकं हळू. ज्याला आम्ही आयुष्यभर "जरा हळू बोल रे" म्हणत आलो, त्याला आता दोनदा विचारावं लागायचं, काय म्हणालास?

वर बहिणीच्या तोंडाचा पट्टा सुरू. कपाटाच्या बायकोचं तोंड सुटलं की समोर भाऊ आहे की भिंत ते ती बघत नाही. "सोळा वर्षं तुझ्या आवाजाच्या भरवशावर उलटे चालले ते. दहापर्यंत आकडे येत नाहीत तुला? मी विधवा झाले असते म्हणजे?" भोंगा खाली मान घालून ऐकायचा. मग त्याने रविवारचं जेवायला येणं सोडलं. कपाट पानावर बसून भाकरीचे तुकडे करायचा आणि मूग गिळून गप्प.

असे सात महिने गेले.

मग एका सकाळी कपाट कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरला. माझ्या दारासमोर, शेवटची पायरी उतरून झाल्यावर, सपाट जमिनीवर, घोटा वळला आणि तो बसला. कांद्याच्या सालींसकट. मी उठवायला गेलो तर म्हणाला, "बुटात खडा." पायात चप्पल होती.

या वेळी सूज गुडघ्याकडे चढली. बायकोने हुकूम सोडला. दवाखान्यात हाडाचा फोटो झाला, हाड शाबूत निघालं, आणि डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टबाईंकडे पाठवलं. त्यांची खोली बाजारातल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आता या देहाला धरून चढवणार कोण? बायकोने भावाला निरोप पाठवला. भोंगा आला, खांदा दिला. पुढचं मला त्या तिघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण मुख्य गोष्टीत फरक नाही.

बाई तरुण, चष्मा लावणाऱ्या, आवाज शांत. त्यांनी टाच धरून पाऊल पुढे ओढून पाहिलं, दोन्ही पायांचं. मग विचारलं, "हा पाय किती वेळा मुरगळला?"

"दोन-तीनदा."

"अकरा," बायको म्हणाली. "मला माहीत असलेले."

"तुम्ही काम काय करता?"

"सामान हलवतो. कपाटं, पलंग, तिजोऱ्या."

"बरं. उजव्या पायावर उभे राहा. डोळे मिटा." कपाट उभा राहिला, टेबलाला बोट लावून, बऱ्यापैकी. "आता डावा. जेवढा वेळ दुखत नाही तेवढाच."

डाव्या पायावर तो डोळे मिटून पुरता दोन सेकंद राहिला नाही. बाईंनी हात धरला. ज्याने तिजोऱ्या उचलल्या, तो स्वतःला उचलून धरू शकेना.

बाई म्हणाल्या, "सूज उतरली की पाय बरा झाला असं तुम्ही धरून चाललात. सूज पाहुणी असते. आत हाडांना धरून ठेवणारे जे बांध आहेत ते ताणून सैल झालेत, आणि पाय नेमका कुठे कसा पडलाय हे घोट्याने मेंदूला कळवायचं असतं, ते तो विसरलाय. म्हणून डोळे मिटले की तुम्ही पडता. जिन्यावर मागची पायरी दिसत नाही, म्हणजे तिथेही डोळे मिटल्यासारखंच. हे शिकवून परत येतं. चार-सहा महिने लागतील, रोज." मग वही उघडून त्यांनी साधा प्रश्न विचारला. "याआधी मोठं मुरगळलं ते कधी?"

खोलीत भिंतीला रबरी पट्टे टांगलेले होते. कपाट त्यांच्याकडे बघत राहिला. कोपऱ्यातल्या स्टुलावर भोंगा बसला होता, टोपी मांडीवर. कपाटाला कोणतीही तारीख सांगता आली असती. कचऱ्याची पिशवी, ट्रकची फळी, काहीही चाललं असतं.

"सात महिने झाले," तो म्हणाला. "ते आरशाचं कपाट आणताना."

बायकोची बांगडी वाजली, तेवढाच आवाज.

"पडल्यावर मुरगळला?" बाईंनी विचारलं.

"नाही. मुरगळला म्हणून पडलो."

भोंगा स्टुलावरून उठला नाही. टोपीची कड बोटांत धरून म्हणाला, "दाजी, कितवी पायरी?"

"सातवी."

"मी सात म्हणालो होतो का?"

"म्हणाला होतास. स्पष्ट."

"वेळेवर?"

"वेळेवर. पाय टाकला मी बरोबर. पाय राहिला नाही."

भोंग्याने टोपी घातली आणि बाहेर गेला. बाईंनी वहीत काय लिहिलं कोण जाणे. व्यायाम दाखवून झाल्यावर नवरा-बायको दाराबाहेर आले, तर भोंगा जिन्याच्या तोंडाशी उभा होता. खांदा पुढे केला. खाली उतरवलं, गाडीत बसवलं, दार लावलं, आणि पायी निघून गेला.

त्या संध्याकाळी कपाटाची बायको भावाच्या घरी गेली. तिथे काय बोलली ते मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही असं मी क्वचित म्हणतो. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. नवऱ्याला तिने पंधरा दिवस जेवायला वाढलं, पण "घ्या" म्हणाली नाही.

कपाट दुसऱ्या सकाळी काठी टेकत मुकादमाकडे गेला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मुकादमाने दाढी खाजवली. "सोळा वर्षं मी तुझ्या भरवशावर माणूस वर उभा केला," तो म्हणाला, "आणि तू मला खडे सांगत होतास?" भोंग्याला मात्र त्याने त्याच आठवड्यात खोक्यांवरून काढून जिन्यावर घेतलं, एका नवीन गड्याबरोबर. पहिल्या दिवशी मोजताना आवाज फाटला म्हणतात. महिन्याभरात गच्चीवरची कबुतरं पुन्हा उडायला लागली.

इकडे कपाट गॅलरीत एका पायावर. दात घासताना एका पायावर, चहा उकळेपर्यंत एका पायावर, मग उशीवर, मग डोळे मिटून. टाचा पायरीच्या काठावर वरखाली, रबरी पट्टा पावलाला लावून ओढणं, शंभर-शंभर वेळा. समोरच्या इमारतीतल्या पोरांनी नवं नाव काढलं, बगळा. मी खालून विचारायचो, "मासा लागला का?" तो डोळे न उघडता म्हणायचा, "अठरा. बोलू नका, आकडा जातो." कधी तीसपर्यंत जायचा, कधी सहावर भिंत धरायचा. चिडायचा नाही. हे मला नवीन होतं.

साडेपाच महिन्यांनी तो कामावर गेला, घोट्याला आधाराचा पट्टा बांधून. खोक्यांवर. उशा, भांडी, पुस्तकं. भोंगा त्याच ट्रकवर असायचा. "दाजी, दोरी द्या," "दाजी, सरका," इतपत बोलायचा. कामापुरतं. रविवारी जेवायला काही येत नव्हता.

मग एका दिवशी भोंग्याचा गडी तापाने पडला, आणि पाचव्या मजल्यावर शिसवी लाकडाची भलीमोठी पेटी, ताबडतोब खाली हवी. मुकादम दोघांकडे बघून म्हणाला, "तुमचं तुम्ही ठरवा."

भोंगा म्हणाला, "तुम्ही वर राहा. मी खाली."

याचा अर्थ त्या दोघांना कळत होता. वरच्याचा पाय गेला, तर पेटी खालच्याच्या छातीवर. आणि मोजायचं कपाटाने, ज्याने जिन्यावर जन्मात मोजलं नव्हतं.

पाचवा मजला उतरला. चौथाही. कपाट खालच्या आवाजात, अडखळत, पण बरोबर मोजत होता. तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, नऊ म्हणून झाल्यावर, त्याच्या डाव्या पायात ती जुनी, सैल, कापसासारखी जाणीव झाली. अजून वळला नव्हता. कदाचित वळलाही नसता. खाली लाकडाच्या पलीकडे भोंग्याचे केस तेवढे दिसत होते.

"थांब," कपाट म्हणाला. "ठेवायची आहे."

पेटीचा मालक वरून म्हणाला, "अहो, मध्येच कुठे ठेवता? खाली गाडी अडलीय."

भोंग्याने खाली पाय रोवले, गुडघा पेटीला लावला. "सोडा हळूहळू," तो दाजींना म्हणाला. पेटी पायऱ्यांवर टेकली, दोघांनी दोन बाजूंनी धरून ठेवली. कपाट पायरीवर बसला, बूट सैल केला. घाम चेहऱ्यावरून गळ्यात जात होता.

"काय झालं काय पण?" मालकाने पुन्हा विचारलं.

कपाट उत्तर द्यायला वळला, पण भोंगा आधी बोलला. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"यांचा पाय दुखतोय. दहा मिनिटं थांबावं लागेल. गाडीवाल्याला सांगा."