बिशपसाहेबांचं दार

तुमच्याशी कडकडून भांडायला शेवटचं कोण आलं होतं, आठवतं का? पंचवटीत एक निवृत्त ल्युथरन बिशप राहतात. भांडणासाठी त्यांच्याइतका झुरणारा माणूस अख्ख्या नाशकात सापडणार नाही.

कळवणकडच्या खेड्यांतून स्कूटर दामटत ते आधी पाळक म्हणून फिरले, मग बिशप झाले. तेव्हा ते खोलीत शिरले की माणसं उठून उभी राहत. आता खुर्च्याच रिकाम्या, उठणार कोण? बायको गेली, मुलगा परदेशात. निवृत्तीच्या निरोपाला मिळालेल्या, बिशपच्या मानाच्या वाकड्या टोकाच्या दंडाने ते अंगणातले पेरू पाडतात. मी डोळे वटारले, तर म्हणाले, "अगं, ही काठी मेंढरांसाठी असते. मेंढरं गेली. पेरू आहेत."

मी बौद्ध घरातली. वडील अंबडच्या कारखान्यात कामाला, संध्याकाळी कामगार संघटनेची पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. धर्मसत्तेवर झोड उठवणारं माझं पहिलं पत्रक मी मुद्दाम बिशपसाहेबांच्याच हातात ठेवलं. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, आत जाऊन कणकेची खळ शिजवली आणि पत्रक स्वतःच्या दारावर चिकटवलं! "ल्युथरने चर्चच्या दारावर पोपविरुद्ध कागद लावला, आमच्या पंथाची सुरुवातच तिथून झालीय, पुढारी!" दुसऱ्या दिवशी त्या पत्रकाशेजारी त्यांचं उत्तर. मग माझं प्रत्युत्तर. दाराचा रंग दिसेनासा झाला. समोरच्या भाजीवाल्या मावशी ओरडायच्या, "बिशपबाबा, घर हाय का निवडणुकीची भिंत?"

"तुम्हीपण लावा की एक!" ते आशेने म्हणायचे.

एकदा त्यांनी लिहिलं, की सत्तेशी भांडणाऱ्याने अधूनमधून शत्रूच्या घरी चहा प्यावा, नाहीतर उद्या तोच सत्ता होऊन बसतो. मी पुष्कळ डोकं खाजवलं आणि शेवटी जाऊन सांगितलं, "बिशपसाहेब, हे पटलं मला."

वाटलं, खूश होतील. त्यांचा खळीचा हात तसाच थांबला.

"सगळं पटलं?"

"हो."

"मग... उद्या येणार नाहीस?"

त्यांनीच दिलेला कप हातात धरून मी घाईघाईने म्हणाले, "चहाचं सोडून. चहाचं मुळीच पटलेलं नाही!"

"हां, मग बस, बस!" म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

आता नोकरीसाठी मी पुण्याला निघाले आहे. मुद्दे पोस्टाने पाठवता येतील; दार पोस्टाने वाजत नाही. म्हणून सांगते, पंचवटीत कागदांनी मढलेलं दार दिसलं, तर आशीर्वाद मागायला जाऊ नका. एखादा पक्का मतभेद घेऊन जा. दार जोरात वाजवा, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. आणि कृपा करून, पहिल्याच दिवशी सगळं पटवून घेऊ नका.